ऑक्टोपॅडलाही जुळवायला वेळ लागतो

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे विभाग

स. न. वि. वि.

गणेशोत्सवातल्या गाण्याच्या कार्यक्रमांबद्दल एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आपण नुकतंच छापलंत. हलगी आणि ढोलकी वाजवणाऱ्यांना आता कोणी विचारत नाही, ही त्यांची खंत खरी आहे, मलाही ती टोचते. पण त्याच पत्रात ऑक्टोपॅडबद्दल, म्हणजे आठ रबरी पॅडच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याबद्दल, एक वाक्य होतं, ते वाचून हातातला चहा तसाच राहिला. त्यांचं म्हणणं असं, की ऑक्टोपॅडवाल्याला तयारी कसलीच लागत नाही, वायर जोडली की यंत्र आपलं आपण वाजतं. एकट्या त्यांचंच असं मत असतं तर मी पेन उचललं नसतं. पण आपल्या शहरातले बहुतेक संयोजक हेच धरून चालतात, आणि त्यामुळे कार्यक्रमाआधी आम्हाला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते आणि गेली बावीस वर्षं ऑक्टोपॅड वाजवते. हात बसला तो थोरल्या भावाच्या एसपीडी-२० या जुन्या ऑक्टोपॅडवर. ते मॉडेल १९९८ चं. त्यात सातशे आवाज होते आणि आमच्या घरात तेव्हा रेडिओसुद्धा धड नव्हता. भाऊ बेंजो पार्टीत वाजवायचा. तो कामावर गेला की मी आवाज बारीक करून बसायची. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बसवून देणारे, होते. ते एकदा माझ्यामागे उभं राहून बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, माग कंपनीतून जसा येतो तसा कोणी चालवतो का गं? आधी बसवावा लागतो, धोट्याची फेक वेळेत आणावी लागते. धोटा उशिरा पोचला की माग धाडकन थांबतो. तुझं यंत्र तू बसवलंस का?

तोवर मी बसवलं नव्हतं. कंपनीने जे किट, म्हणजे कोणत्या पॅडवर कोणता आवाज ही मांडणी, जसं दिलं होतं तसंच बडवत होते. त्या दिवसापासून मी पुस्तिका उघडली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मंडळाचं नाव घेत नाही, कारण त्यांच्या मनात खोट नव्हती. कार्यक्रम सात वाजता होता. आम्ही पाचला पोचलो, पण स्टेजची सजावट चालू होती. मला जागा मिळाली सात वाजून दहा मिनिटांनी, आणि साउंडवाल्याने बेसचे दोन मोठे बॉक्स नेमके माझ्या स्टँडजवळ, फळ्यांना चिकटून लावलेले. पहिलाच अभंग होता. कीबोर्डवर खालचा सूर लागला की माझ्या वरच्या डाव्या पॅडवरची हलगी आपोआप वाजायला लागली. मी हात वर धरलेले आणि हलगी वाजतेय. गायिकेने मागे वळून बघितलं. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच झालं. शेवटी त्या पॅडचा आवाज शून्यावर आणला आणि पुढचे दोन तास सात पॅडवर काढले. निघताना संयोजकांनी मशीन खराब असल्याचं सांगून पाचशे रुपये कापले. पैशांचं दुःख दोन दिवसांत सरलं. माझ्या हाताने न वाजवलेला टोला भरल्या मांडवात माझ्या नावावर गेला, ते मात्र अजून विसरता येत नाही.

मशीन खराब नव्हतं. पॅडच्या रबराखाली नाण्याएवढी एक चकती असते, पिझो म्हणतात तिला. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये जे असतं तेच हे: दाब पडला की वीज निर्माण होते. लायटरमध्ये त्याची ठिणगी पडते, इथे त्याच विजेवरून यंत्राला कळतं की टोला पडला आणि किती जोराचा पडला. पण तो धक्का काडीचा होता की बेसच्या थरथरीचा, हे त्या चकतीला कळत नाही. ते आपण यंत्राला सांगायचं असतं. त्यासाठी थ्रेशोल्ड नावाचं सेटिंग आहे. सोप्या भाषेत उंबरठा. त्याच्या खालचा धक्का यंत्र मोजतच नाही.

मी घरी हा उंबरठा अगदी खाली ठेवते, कारण भजनाला मी पुष्कळदा काड्या बाजूला ठेवून बोटांनी वाजवते आणि ते नाजूक टोले ऐकू यायला हवेत. मांडवात तो वर घ्यावा लागतो. किती वर, हे घरी बसून ठरवता येत नाही. साउंडवाल्याला सांगायचं, बाबा, तुझा सगळ्यात मोठा बेस लाव. मग आपण हात मांडीवर ठेवून बघत राहायचं. एखादं पॅड आपोआप बोललं की त्याचा उंबरठा एक आकडा वर, पुन्हा बोललं की आणखी एक. गप्प झालं की तिथेच थांबायचं. त्याच्या वर गेलात तर आपलेच हलके टोले गायब होतात आणि ठेका दगडासारखा लागतो. आठ पॅडचं मिळून हे दहा मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी ती दहा मिनिटं मिळाली असती तर हलगी भुतासारखी वाजली नसती.

आता मी आणखी एक करते. घरातली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर चौपदरी घडी करून स्टँडच्या पायांखाली घालते. फळ्यांमधून येणारी थरथर त्यात बरीचशी मरते. नवी चादर कडक असते, तिचा तेवढा उपयोग होत नाही.

तबलजी आला की आपण काय करतो? तो हातोडी काढतो, गठ्ठ्यांवर ठोकतो, कान लावतो, सूर जुळेपर्यंत सगळं सभागृह शांत बसतं. कोणी घड्याळ दाखवत नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत संक्रांतीच्या थंडीत नंदीध्वजांपुढे हलगी वाजवणारा आधी कागदाचा नाहीतर पाचोळ्याचा जाळ करून हलगी शेकतो, कातडं ताणून घेतो, मगच पहिला टोला देतो. थंड, सैल हलगी घेऊन त्याला कोणी मिरवणुकीत ढकलत नाही. आमची शेकणी डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. आम्ही पडद्यावरच्या आकड्यांत बोटं फिरवत असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं मोबाइल चाळतेय.

त्या आकड्यांत काय असतं ते थोडं सांगते, कारण आपल्या वाचकांत पॅड वाजवणारी मुलंही आहेत. इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना इशारे द्यायची मिडी ही पद्धत १९८३ साली ठरली, तिच्यात टोल्याचा जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. कार्यक्रमात आपण जास्तीत जास्त जेवढ्या जोराने मारणार, तेवढ्या जोराने पॅडवर मारून बघायचं. आकडा १२७ च्या आसपास पोचला पाहिजे. साध्या टोल्यालाच १२७ येत असेल तर संवेदनशीलता जास्त झाली. मग लहान-मोठा टोला सारखाच वाजतो आणि ठेक्यातला जीव जातो. हे प्रत्येक पॅडचं वेगळं असतं आणि माणसागणिकही वेगळं. माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी शिकायला येते, डावखुरी आहे. तिच्या मनगटात अजून जोर नाही. माझ्या सेटिंगवर ती वाजवायची तेव्हा तिचा जोर साठ-सत्तरच्या पुढे जायचा नाही, आणि तिला वाटायचं आपल्याला येतच नाही. तिच्यासाठी वेगळं किट केलं, संवेदनशीलता वाढवली, सगळे आवाज डावीकडचे उजवीकडे केले. पंधरा दिवसांत तिचा केरवा ताल सरळ झाला. मुलीत काही कमी नव्हतं, पॅड तिच्या मापाचं नव्हतं.

एका पॅडवर मारलं की शेजारचं पॅड आपोआप वाजतं, ते क्रॉसटॉक. एकाच टोल्याला दोनदा आवाज येत असेल, तर टोल्यानंतर पॅड जो थोडा वेळ पुढचा धक्का मोजत नाही तो वेळ वाढवायचा. पण इथे हात आखडता ठेवा. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल आणि मात्रेत चार टोले असतील तर सेकंदाला बारा टोले होतात, दोन टोल्यांत जेमतेम ८३ मिलिसेकंद. हा वेळ फार वाढवून ठेवलात तर जलद वाजवताना मधले टोले यंत्र गिळून टाकतं, आणि लोक म्हणतात हात जड झाला. एका चांगल्या वादकाला मी असं स्वतःला दोष देत बसलेलं पाहिलं आहे.

आवाज कुठे ठेवायचा, हेही स्वतः ठरवावं. कंपनीचं किट बहुधा पाश्चात्त्य ड्रमसेटच्या हिशेबाने लावलेलं असतं. मी खालच्या ओळीत, जिथे हात आपोआप पडतात, तिथे ढोलकीचा घुमारा डाव्या हाताला आणि टणक आवाज उजव्या हाताला ठेवते. घुंगरू, झांज, मंजिरी वरच्या ओळीत. मुलं मेनूत जायला घाबरतात. घाबरू नका, फक्त आधी मूळ किटची नक्कल करून ठेवा आणि आपली किटं पेनड्राइव्हवर काढून ठेवा. भाड्याने दिलेल्या माझ्या पॅडवर एकाने फॅक्टरी रीसेट मारलं आणि तीन वर्षांची किटं गेली. ती पुन्हा जमवायला सबंध उन्हाळा गेला.

हलगीबद्दल मात्र नीट लिहायला हवं, कारण ज्येष्ठांचा राग मूळ तिथेच आहे. माझ्या पॅडवरची हलगी कंपनीची नाही. आमच्या भागातल्या एका आजोबांची आहे. ते सत्तरी ओलांडलेले, बोटं वाकडी झालेली, पण हलगी छातीशी धरली की ती बोटं कुठून सरळ होतात कळत नाही. मार्च महिन्यात एका दुपारी आमच्या अंगणात बसून त्यांनी चाळीसेक टोले दिले: मधला, कडेचा, नुसत्या बारीक काडीचा, हात ठेवून दाबलेला, दोन्ही काड्यांचा एकदम. समोर छोटा रेकॉर्डर. पलीकडच्या कारखान्यातले माग खटखटत होते म्हणून जेवणाच्या सुट्टीची वाट बघितली, आणि सुट्टीच्या तेवढ्या वेळात सगळं उरकलं. चाळीसातले सात टोले मी ठेवले.

ते पॅडवर घातले आणि वाजवायला बसले तर हलगी लयीच्या मागे पडू लागली. आठ दिवस मी स्वतःचा हात सुधारत होते. मेट्रोनोम लावून, पहाटे उठून. मग एकदा भाच्याने तो आवाज संगणकावर मोठा करून दाखवला, तेव्हा टोल्याच्या आधी एक सपाट रेघ दिसली. सुमारे चाळीस मिलिसेकंदांची शांतता. रेकॉर्डिंग कापताना ती मागे राहून गेलेली. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, त्यातले चाळीस असे फुकट गेले तर ठेका कसा बसणार! टोला जिथून उसळतो तिथवर कात्री लावली, आणि पॅडवर काडी टेकायच्या क्षणाला हलगी बोलली. त्या क्षणी अंगावर काटा आला होता.

मग बारीक काम. एकाच पॅडवर दोन आवाज ठेवता येतात: जोर ऐंशीच्या खाली असेल तर आजोबांचा हलका टोला, वर असेल तर खणखणीत. दाबलेला टोला आणि खुला टोला एका गटात घातले, म्हणजे दाबलेला वाजला की खुल्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तिथेच तुटते. खऱ्या हलगीवर हात टेकवला की आवाज तुटतो, तसंच. ड्रमसेटमधल्या हायहॅटसाठी ही सोय केलेली असते, आपण ती हलगीला लावायची. आजोबांना ऐकवलं. ते दोनदा ऐकून म्हणाले, कडेचा टोला आणखी चढव, मिरवणुकीत तोच पुढे जातो. चढवला. त्यांचं बरोबर होतं.

एवढं करूनही ती हलगी नव्हे, हे मला पूर्ण कळतं. सात टोले म्हणजे हलगी नाही. आजोबांच्या हातात एका टोल्याचे शंभर रंग आहेत. जिथे हलगीवाल्याला बोलावणं शक्य आहे तिथे त्यालाच बोलवा, मिरवणुकीत तर त्याच्याशिवाय काही खरं नाही. मी ही हलगी वाजवते ती छोट्या कार्यक्रमात, जिथे मंडळाकडे तालवाद्याला एकाच माणसाचं मानधन असतं. आजोबांना मी रेकॉर्डिंगच्या दिवशी मानधन दिलं, आणि ते टोले ज्या ज्या कार्यक्रमात वाजतात तिथे निवेदकाला त्यांचं नाव घ्यायला लावते. ज्या वादकांनी कोणाचा आवाज पॅडवर घेतला आहे त्यांनी सगळ्यांनीच असं करावं, असं मला मनापासून वाटतं.

रोलँडने १९८५ साली ऑक्टोपॅड काढलं, आठ पॅडचं, तेव्हा त्या पहिल्या यंत्रात स्वतःचा एकही आवाज नव्हता. ते तारेने दुसऱ्या यंत्राला नुसता इशारा द्यायचं, आवाज त्या दुसऱ्या यंत्रातून यायचा. म्हणजे काय वाजायचं ते वादकानेच ठरवायचं, असाच या वाद्याचा जन्म आहे. पुढे आत शेकडो आवाज आले आणि आपण आयते आवाज घेऊन गप्प बसलो, हा दोष आम्हा वादकांचा आहे. तो मी नाकारत नाही. एकाने किट चांगलं जमवलं की दुसऱ्याला दाखवत नाही, पॅडवर टॉवेल टाकून ठेवतो. असं करू नका. माझी सगळी किटं मी मागेल त्याला देते.

आता मंडळांना आणि सभागृह घेणाऱ्या संयोजकांना हात जोडून विनंती. लोक यायच्या आधी वादकांना अर्धा तास द्या, आणि तो देताना साउंडवाला जागेवर असू द्या. तो चहाला गेला असेल तर त्या अर्ध्या तासाचा काही उपयोग नाही. बेसचे बॉक्स स्टेजच्या फळ्यांवर किंवा फळ्यांना टेकवून ठेवू नका, खाली जमिनीवर, चार पावलं लांब ठेवा. ऑक्टोपॅडचा प्लग लाइटच्या माळा जिथे लावल्या आहेत त्याच बोर्डात घालायला सांगू नका. माळ काढताना कोणाचा तरी हात लागतो आणि गाणं चालू असताना यंत्र बंद पडतं. मिक्सरकडे एकच वायर जाणार असेल तर ती एल-मोनो लिहिलेल्या जॅकमध्येच लावा, नाहीतर एका बाजूला ठेवलेले आवाज लोकांपर्यंत पोचतच नाहीत. आणि दुपारी उन्हात मशीन उघडं ठेवू देऊ नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पॅडचं रबर हाताला चटका देतं.

पत्र लिहिणाऱ्या ज्येष्ठांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. येत्या उत्सवात आमचा कार्यक्रम जिथे असेल तिथे आपण तासभर आधी या आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसा. आजोबाही येणार आहेत, कडेच्या टोल्याचा आवाज अजून त्यांच्या मनासारखा झालेला नाही.

कळावे,
आपली नम्र वाचक,
एक ऑक्टोपॅडवादक, पूर्व भाग, सोलापूर